सहाचं साटिन होत नाही

गणितात पीएचडी म्हणजे नेमकं करतात काय, हे आमच्याकडच्या एमएस्सीच्या मुली दर वर्षी विचारतात आणि मी तास सुटल्यावर कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या काहीतरी अर्धवट सांगते, तोवर पुढचा तास सुरू होतो. म्हणून एकदा सगळं सलग लिहिते. फॉर्म कुठला, फी किती, ते सगळं वेबसाइटवर असतं, मी माझ्याबाबतीत जे झालं ते सांगते.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि बारावीनंतर गणित इंग्रजीत. आई विड्या वळायची, नान्ना म्हणजे वडील एका जॅकार्डच्या कारखान्यात डिझाइन काढायचे. चौकटीच्या कागदावर रंगीत पेन्सिलीनं एकेक घर भरायचं, भरलेलं घर म्हणजे तिथं ताण्याचा, म्हणजे उभा धागा बाण्याच्या, म्हणजे आडव्याच्या वर येणार, रिकामं म्हणजे खाली जाणार, आणि मग त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. उरलेले कागद ते घरी आणायचे. माझे पाढे, भागाकार, पुढं एमएस्सीची रफ वही, सगळं त्याच कागदांवर झालं. दिवसभर मागांचा खडखडाट, त्यात अभ्यास करायची इतकी सवय की वीज गेली आणि माग थांबले की उलट लक्ष उडायचं.

आमचं विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला सुरू झालं, एका जिल्ह्यापुरतं. त्याआधी सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. मला बीएस्सीला शिकवणाऱ्या मॅडम सांगायच्या, गाइडना एक चॅप्टर दाखवायचा म्हणजे एसटीनं सांगोला-मिरज करत कोल्हापूर, दुसऱ्या दिवशी परत. मला विद्यापीठ आहे त्या केगावपर्यंतची सिटी बस पुरली. हा फरक लहान नाही, विशेषतः मुलींसाठी, कारण रात्री मुक्काम म्हटलं की घरात दहा प्रश्न निघतात.

सेट, म्हणजे कॉलेजात शिकवायला लागणारी राज्याची परीक्षा, दोनदा गेली, तिसऱ्यांदा निघाली. मग सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्व. जितके तास घेतले तितके पैसे, सुट्टीत शून्य, आणि दर वर्षी नव्यानं इंटरव्ह्यू. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, मध्ये सात रस्त्याला उतरून बस बदलायची. एका कॉलेजनं मानधन सात महिने थकवलं होतं, नाव घेत नाही, पण त्या सात महिन्यांत नान्नांनी मला एकदाही नोकरीबद्दल विचारलं नाही आणि ते न विचारणं मला जास्त जाणवायचं.

२०१६ ला रजिस्ट्रेशन झालं. आधी पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, मग समितीसमोर दहा मिनिटांचं प्रेझेंटेशन, मग सहा महिन्यांचं कोर्सवर्क. यात मुलींना जे माहीत नसतं ते एवढंच की यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमात पीएचडीला जास्तीत जास्त सहा वर्षं होती पण महिलांना दोन वर्षं वाढीव मिळायची. मला पुढं ती लागली. लग्न, बाळ, लॉकडाऊन, सगळं त्याच काळात आलं. वाढीव मुदत मागताना ऑफिसात मान खाली घालायचं काही कारण नाही, नियमात लिहिलेलं आहे.

आता विषय. गाइड सरांनी पहिल्या दिवशी दोन झेरॉक्स दिल्या. एक पेपर इश्तवान बेक यांचा १९८८ चा, दुसरा अँडरसन आणि लिव्हिंग्स्टन यांचा १९९९ चा. झिरो-डिव्हायजर ग्राफ. नाव जड आहे पण घड्याळ घेतलं की लगेच कळतं. घड्याळात १२ म्हणजे परत शून्य. आता ३ आणि ४ दोघंही शून्य नाहीत, पण ३ × ४ = १२, म्हणजे गुणाकार शून्य झाला. असे आकडे गोळा करायचे, १२ साठी ते सात येतात, २, ३, ४, ६, ८, ९, १०. प्रत्येकाचा एक ठिपका काढायचा आणि ज्या दोघांचा गुणाकार शून्य होतो त्यांना रेघेनं जोडायचं. झाला ग्राफ. २ पासून ३ ला जायचं तर सरळ रेघ नाही, २ वरून ६, ६ वरून ४, ४ वरून ३, तीन पायऱ्या. आणि १९९९ च्या त्या पेपरात सिद्ध केलंय की १२ नाही, कुठलीही कम्युटेटिव्ह रिंग घ्या, म्हणजे घड्याळासारखी बेरीज-गुणाकार चालणारी आणि गुणाकाराचा क्रम उलटला तरी उत्तर तेच येणारी कुठलीही व्यवस्था, तीनच्या वर पायऱ्या कधीच लागत नाहीत. मी ते वाचलं त्या दिवशी बसमध्ये १८, २०, ३० चे ग्राफ काढत बसले, खरंच तीनच्या आत येत होते, माझा स्टॉप गेला ते कळलं नाही.

माझा प्रश्न डॉमिनेशनचा होता. सोलापूरकरांना तो पाण्यावरून सांगितला की पटकन समजतो. ठिपके म्हणजे घरं, रेघ म्हणजे शेजार. कमीत कमी किती घरात नळ दिला की प्रत्येक घरात एकतर स्वतःचा नळ असेल नाहीतर शेजाऱ्याकडं असेल? १२ च्या ग्राफमध्ये ४ आणि ६ या दोन घरात नळ दिला की काम भागतं, ३ आणि ९ ला ४ शेजारी आहे, २, ८ आणि १० ला ६ आहे, करून बघा. आणि १२ ला भाग देणारे मूळ आकडेही, म्हणजे प्राइम, दोनच, २ आणि ३. ३० ला भाग देणारे तीन, २, ३, ५, तिथं नळही तीन लागतात. म्हणजे जितके वेगवेगळे मूळ आकडे तितके नळ. मला हे दिसलं तेव्हा मी रडायचीच बाकी होते इतका आनंद झाला होता. आठवडाभरात प्रूफ लिहिलं, १२, १५, २०, ३० वर तपासलं, लेटेक या गणित टाइप करायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलं, सरांनी वाचलं, त्यांनाही पटलं, आणि पेपर जर्नलला पाठवला.

सहा महिन्यांनी उत्तर आलं. २०१९ चा जानेवारी, गड्ड्याची यात्रा सुरू होती, मी भाचीला पाळण्यात बसवून खाली उभी होते आणि फोनवर मेल उघडला. रेफरीनं, म्हणजे जर्नलतर्फे पेपर तपासणाऱ्यानं, दोनच गोष्टी लिहिल्या होत्या. एक, अशा प्रकारचा निकाल आधी छापून आलेला आहे. दोन, जसा लिहिलाय तसा तो ६ ला चुकतो.

सहाला! ६ च्या घड्याळात ठिपके तीनच, २, ३ आणि ४. २ × ३ = ६, ४ × ३ = १२, म्हणजे ३ मध्ये आणि दोन्हीकडं २ आणि ४. एकट्या ३ ला नळ दिला की तिघांचं भागलं. माझा थिअरम म्हणतो दोन लागतील. पाळण्याच्या आवाजात, उभ्याउभ्या, अर्ध्या मिनिटात दिसलं. मी १२ तपासलं, ३० तपासलं, आणि सगळ्यात लहान असलेलं ६ तपासलंच नाही.

घरी येऊन प्रूफ काढलं. चूक एका ओळीत होती आणि त्या ओळीची सुरुवात मी "क्लिअरली" या शब्दानं केली होती. मी म्हटलं होतं की एका मूळ आकड्याच्या वाट्याचे ठिपके दुसऱ्याच्या वाट्याला कधीच येत नाहीत, हे उघड आहे. ते उघड नव्हतं. आकडा नेमका दोन वेगळ्या मूळ आकड्यांचा गुणाकार असेल, ६ किंवा १५ सारखा, तर ते येतात. १५ ला चूक असूनही उत्तर योगायोगानं बरोबर निघत होतं, म्हणून तपासलं तरी सापडली नाही. ६, १०, १४, २२ असे विषम मूळ आकड्याच्या दुपटीचे घ्या, तिथं मध्ये एक ठिपका आणि भोवती बाकीचे, एक नळ पुरतो, थिअरम पडतो. तेव्हापासून माझ्या लिखाणात "उघड आहे" दिसलं की मी थांबते आणि ते उघड का आहे हे मार्जिनमध्ये लिहून काढते, आणि मुलींच्या वह्यांमध्येही तिथंच लाल पेन फिरवते.

सरांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी कपाटातून तीच पहिली झेरॉक्स काढली. म्हणाले, बेकनं यात एक अंदाज मांडलाय, जोडलेले ठिपके वेगळ्या रंगाचे राहतील असे ग्राफला रंग द्यायला कमीत कमी जितके रंग लागतात तितकेच त्यातल्या सगळ्यात मोठ्या, सगळे एकमेकांना जोडलेल्या गटात ठिपके असतात. पाच वर्षांनी, १९९३ ला, अँडरसन आणि नसीर या दोघांनी ३२ घटकांची एक रिंग दाखवली आणि अंदाज पडला. "पण बेकचा पेपर आजही आपण वाचतोय ना? जा, नवीन काय करता येतं ते बघ." एवढंच. चहा पाजला आणि पाठवलं.

पण मला ते पचत नव्हतं. दोन-तीन आठवडे मी कागदाला हात लावला नाही. तास घ्यायचे, घरी यायचं, झोपायचं. एका संध्याकाळी माहेरी गेले होते, नान्नांनी माझ्या पिशवीतला कागद बघितला, त्यावर ६ भोवती मी इतके गोल काढले होते की कागद फाटायला आला होता. त्यांनी विचारलं, सहानं काय केलं? मी म्हटलं सहाला माझं सगळं चुकतं. ते म्हणाले, "सहाला आमचं पण चुकतं, बिड्डा. सहाचं साटिन होत नाही."

मी त्यांची मुलगी, इतकी वर्षं तो कागद बघितलाय, आणि हे मला माहीत नव्हतं. त्यांनी पेन्सिल घेतली आणि काढून दाखवलं. साटिनच्या विणीत प्रत्येक ओळीत धागा एकाच ठिकाणी बांधायचा आणि पुढच्या ओळीत ठरावीक घरं सरकायचं. पाच धाग्यांचं साटिन असेल तर दोन-दोन घरं सरकायचं, ०, २, ४, १, ३, पाचही धागे एकेकदा बांधले जातात. आठाला तीन-तीन. आता सहाला दोन-दोन सरकून बघा, ०, २, ४ आणि परत ०. १, ३, ५ हे धागे सुटेच राहिले, कापड उसवणार. तीन-तीननं ० आणि ३, त्याहून वाईट. चारनंही तेच तीन धागे. आणि एक किंवा पाच सरकलं तर सगळे बांधले जातात पण तिरकी रेघ उमटते, ते ट्विल झालं, साटिन नाही. त्यांना हे कुठल्या पुस्तकातून नाही, तरुणपणी मास्तरांनी "सहाचं सोड" म्हणून सांगितलं होतं आणि त्यांनी स्वतः एक आख्खी रात्र घालवून बघितलं होतं की खरंच होत नाही.

मी बघतच राहिले, कारण २ सरकून धागे सुटतात ते २ × ३ = ६ होतं म्हणूनच. हेच तर माझे झिरो-डिव्हायजर. लगेच वाटलं दोन्हीचं कारण एकच असणार, पण नाही, आणि हेही मुलींना सांगायला पाहिजे कारण असल्या साम्यानं माणूस वाहवत जातो. १० चं साटिन होतं, तीन-तीन सरकलं की दहाही धागे बसतात, पण माझा थिअरम १० लाही पडतो. म्हणजे कारणं वेगळी. ते मी त्याच कागदावर त्याच रात्री तपासलं.

कामाला आलं ते वेगळंच. मी नान्नांना माझा नळांचा प्रश्न सांगितला, तेलुगूतच, ६ ला एकच नळ का पुरतो ते दाखवलं. ते थोडा वेळ बघून म्हणाले, बाकीच्यांना हा मधला बांधतो, मग मधल्याला कोण बांधतो? जो धागा दुसऱ्याला बांधतो तो स्वतः पण कुठंतरी बांधलेला पाहिजे ना.

याला ग्राफ थिअरीत नाव आहे. टोटल डॉमिनेशन, १९८० मध्ये कॉकेन, डॉज आणि हेडेटनिएमी या तिघांनी मांडलेलं. ज्याच्या घरी नळ आहे त्याचाही एक शेजारी नळवाला पाहिजे, स्वतःचा नळ मोजायचा नाही. व्याख्या मी कोर्सवर्कला वाचली होती, परीक्षेत लिहिली होती, आणि माझ्या प्रश्नाला लावून बघितली नव्हती.

आता आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि बऱ्याचदा रात्री येतं, सोलापुरात कोणाला सांगायला नको. ज्या दिवशी पाळी असते त्या दिवशी कोणीतरी जागं राहतं. त्या आठवड्यात मी म्हटलं मी जागते. मोटर लावली, टाकीचा आवाज ऐकत पायरीवर बसले आणि प्रूफ परत पहिल्यापासून लिहायला घेतलं, फक्त "डॉमिनेशन"च्या जागी "टोटल डॉमिनेशन". आणि जिथं माझी ती ओळ पडत होती ती ओळ आता लागतच नव्हती, कारण ठिपका स्वतःला बांधतो ही सवलतच काढून टाकली होती. आकड्याला दोन किंवा जास्त मूळ आकडे भाग देत असले की जितके मूळ आकडे तितके नळ, ना कमी ना जास्त. ६ ला दोन, १० ला दोन, अपवाद नाही. मी तीन वेळा तपासलं, या वेळी ६ पासून. तोवर टाकी भरून पाणी जिन्यावरून खाली आलं होतं.

हा एवढासा निकाल काही प्रबंध होत नाही, पण दार उघडलं. सर म्हणाले आता आकडे सोड, लॅटिसवर ने. लॅटिस म्हणजे वर-खाली लावलेल्या घटकांची रचना, त्यात गुणाकाराच्या जागी मीट असतो, म्हणजे दोघांच्याही खाली येणाऱ्यांतला सगळ्यात वरचा, जॉइन म्हणजे दोघांच्याही वर येणाऱ्यांतला सगळ्यात खालचा, आणि सगळ्यात खालच्या शून्याच्या लगेच वर जे बसतात ते ॲटम. फायनाइट झिरो-डिस्ट्रिब्युटिव्ह लॅटिस घेतली, म्हणजे एखाद्याचा दोघांशी मीट शून्य असेल तर त्या दोघांच्या जॉइनशीही शून्यच येतो अशी, दोन तरी ॲटम असले, की टोटल डॉमिनेशन बरोबर ॲटमच्या संख्येइतकं येतं. ही अट काढून टाकली की मात्र डायमंड नावाच्या लॅटिसमध्ये, खाली शून्य, मध्ये तीन ॲटम आणि वर एक, दोघांतच भागतं. कुठली अट कुठं लागते आणि काढली की काय मोडतं, पुढची दोन वर्षं हेच केलं. मध्ये पुण्याला भास्कराचार्य प्रतिष्ठानात शिक्षकांसाठीचं दोन आठवड्यांचं शिबिर केलं, सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं गेले. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ ला सुरू केलेली संस्था ती. दुपारी जेवणानंतर झाडाखाली चार जण बसून एकमेकांची प्रूफं पाडायचो आणि मला पहिल्यांदा कळलं की इतके दिवस मला बोलायलाच कोणी नव्हतं. सीएचबीवाल्याला स्टाफरूममध्ये स्वतःची खुर्ची नसते, संशोधनावर बोलायला माणूस कुठून असणार. मुलींनो, असली शिबिरं सोडू नका, राहायची सोय तिथं होते आणि शंका विचारल्यावर कोणी हसत नाही.

पेपर स्वीकारला गेला तो लॉकडाऊनमध्ये. बाळ मांडीवर, मोबाइलवर ऑनलाइन तास, मुलं म्हणायची मॅडम, रेंज नाही. प्रबंध लिहिण्याबद्दल फार सांगत नाही, लिहायला बसलं की लिहून होतो. एकच, प्लेजरिझमचा रिपोर्ट पहिल्यांदा बघून घाबरू नका. १० टक्क्यांच्या आत पाहिजे असतो आणि गणितात व्याख्या शब्दशः त्याच असतात, त्या बदलता येत नाहीत, सॉफ्टवेअर त्यांनाच रंग लावतं. कुठला भाग व्याख्येचा आहे ते गाइडसोबत बसून एकेक ओळ दाखवायची.

व्हायवा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, २०२३ ला, मार्च महिना पण ऊन मे सारखं. ओपन व्हायवा असतो, कोणीही येऊन बसू शकतं. नान्ना इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले होते, कारखान्यातला त्यांचा एक मित्रही सोबत होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी फळ्यावर तो डायमंड काढायला लावला, अट कुठं मोडते ते बोट ठेवून दाखवायला सांगितलं, वीस मिनिटं त्यावरच होते. मग श्रोत्यांतून एकांनी विचारलं, याचा उपयोग काय. हा प्रश्न येणार हे सगळ्यांना माहीत असतं आणि मी स्लाइडवर नेटवर्क वगैरे लिहूनही नेलं होतं. पण मी फळ्यावर सहाची चौकट काढली आणि साटिन समजावलं. म्हटलं, फ्रान्सच्या एदुआर लुका यांनी १८६७ मध्ये साटिनच्या विणीला अंकगणित लावून पुस्तिका छापली, हे तेच, टॉवर ऑफ हनोईचं कोडं ज्यांचं आहे, आणि आपल्या पूर्व भागात चौकटीचा कागद भरणाऱ्या माणसांना ते अंकगणित हातानं येतं. मागं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. नान्ना मित्राला बोटांवर काहीतरी मोजून दाखवत होते.

केगावहून परत येताना बसमध्ये त्यांनी एकच विचारलं, तो लुका कुठल्या कारखान्यात होता? मी म्हटलं कारखान्यात नाही, पुढं पॅरिसमध्ये शाळेत गणित शिकवायचे. "म्हणजे मास्तर," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत बसले.

त्याच वर्षी जुलैत यूजीसीनं स्पष्ट केलं की असिस्टंट प्रोफेसरला नेट ही देशपातळीवरची परीक्षा किंवा सेट पुरे, पीएचडी ऐच्छिक. लोक मला म्हणाले, मग सात वर्षं कशाला घालवलीस. मी अजून सीएचबीवरच आहे, हेही मुलींना खरं सांगते, जाहिरात निघते, रोस्टर, म्हणजे जागांच्या आरक्षणाची यादी, येतं, थांबतं. माझा राग त्यावर आहे आणि तो मी लपवत नाही, कारण सहा तास शिकवून आल्यावर जे डोकं उरतं त्यात संशोधन करायला लागणं हे कुणाच्याच हिताचं नाही. पण पायरीवर बसून लिहिलेलं ते पान मी कशाच्या बदल्यात परत देणार नाही.

सध्या ज्या लॅटिसमध्ये ॲटमच नाहीत तिथं अडकलेय. खाली कितीही उतरा, शून्याच्या लगेच वर कोणी भेटतच नाही, मग नळ कोणाला द्यायचा, आणि किती? एक रस्ता सुचलाय पण त्यात एका ठिकाणी "उघड आहे" असं लिहावंसं वाटतंय, म्हणून तिथंच थांबले. पाण्याची पाळी गुरुवारी रात्री आहे, वही पायरीजवळच्या खिडकीत काढून ठेवलीय.